ऋण कोणाचे, कोणावर?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात आलेल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवला जातो, आणि वर्षभर त्याच्याच मोबाइलवर ‘तुमच्या खात्यात इतके पॉइंट जमा झाले’ असे मेसेज येत राहतात. दोन्ही कृतींना कृतज्ञता म्हणतात, पण त्यांत ऋणाची दिशा उलटी आहे. पॉइंटांची पद्धत आजची नाही. स्पेरी अँड हचिन्सन या अमेरिकन कंपनीचे हिरवे स्टँप १८९६ पासून दुकानदार गिऱ्हाइकांना देत असत. ते वहीत चिकटवायचे आणि वही भरली की वस्तू घ्यायची. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजायला सुरुवात केली. या योजनांना सहसा अटी असतात: अमुक रकमेची खरेदी, अमुक तारखेपर्यंत मुदत. ही मुदतच मला सर्वांत बोलकी वाटते. गिऱ्हाइकाने काल दाखवलेला विश्वास घडून गेलेला आहे, तो कोणत्याही तारखेला रद्द होत नाही. मुदत घालता येते ती उद्याच्या खरेदीसाठी लावलेल्या आमिषाला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. ही कसोटी लावून दुकानदाराला दोषी ठरवणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. कारण इथे तो दाता नाहीच. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि माणसे यांचा ऋणी असतो असे सांगितले आहे, आणि माणसांचे ऋण त्यांना आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. नवे दुकान तीनचार वर्षे तगते ते ज्यांनी एखाद्या खराब मालानंतरही पुन्हा पायरी चढली, शेजाऱ्याला नाव सुचवले, त्यांच्या जिवावर. म्हणजे पहिले देणे गिऱ्हाइकाचे. दुकानदाराच्या वाट्याला फेडणे येते. पॉइंटांची योजना मात्र देण्याचा मान दुकानदाराकडे घेते आणि ‘आता तुम्ही आमचे देणे लागता’ असे गिऱ्हाइकाला सुचवते.

यावर कोणी म्हणेल, निखळ देणे कुठे असते? मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ च्या सुमारास अनेक समाजांतल्या भेटींचा अभ्यास करून दाखवले की देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनकारक असतात. आक्षेप खरा आहे, आणि माझ्या बाजूचाच आहे. निरपेक्षतेचा आग्रह मी धरतच नाही. दुकानदार या साखळीत तिसऱ्या जागी, परत करणाऱ्याच्या जागी उभा आहे, एवढे त्याने ओळखावे.

याहून कठीण आक्षेप अॅडम स्मिथचा. १७७६ मध्ये त्याने मांडले की पाववाला आपल्याला पाव देतो तो स्वतःच्या हितासाठी. गिऱ्हाईकही स्वस्त आणि सोयीचे म्हणूनच येते. पैसे दिले, माल घेतला, हिशेब मिटला, मग ऋण कसले? मालाच्या किमतीपुरते हे बरोबर आहे. पण चूक झाल्यावर दिलेली दुसरी संधी कोणत्याही बिलात नसते. समोर मोठे दुकान उघडल्यावर दोन रुपये जास्त देऊनही जो येत राहतो, त्याचे वागणे नुसत्या हिताने उलगडत नाही. सवलतीला माझा विरोध नाही. तो रास्त व्यवहार आहे. जुन्यांची सवलत नव्याकडून जादा दर घेऊन भरून काढली, तर मात्र ती फेड दुसऱ्याच्या खिशातून झाली.

मग फेडायचे कसे? उत्तर गिऱ्हाइकाच्या गरजेत शोधावे लागते. आजारपणामुळे बाहेर पडू न शकणाऱ्याला सामान घरपोच द्यावे, जरी त्याची खरेदी आता निम्म्यावर आली असली तरी. एकाच कुटुंबाला लागणारे पीठ कमी खपते म्हणून बंद करू नये. ज्याला गिऱ्हाइकांचे चेहरे दिसत नाहीत, त्या ऑनलाइन विक्रेत्यालाही हे जमते. मसाल्याचा एखादा घाणा बिघडल्याचे कळले, तर तक्रारीची वाट न पाहता तो कोणाकोणाला गेला ते ऑर्डरींच्या नोंदीत शोधून त्याने स्वतःहून कळवावे आणि पैसे परत करावेत. ज्या नोंदींवरून तो जाहिराती पाठवतो, त्याच इथे पुरतात.