मेरी रोझवरील मृत आणि उत्खननकाराचे कर्तव्य

दफनभूमीत सापडणाऱ्या अस्थींना कोणीतरी कधीतरी निरोप दिलेला असतो. युद्धात बुडालेल्या जहाजावरची माणसे मात्र अंत्यसंस्काराविना, जिथे मृत्यूने गाठले तिथेच राहिलेली असतात. त्यामुळे सागरी पुरातत्त्वज्ञापुढे एक धर्मविषयक प्रश्न उभा राहतो: हे राहून गेलेले कर्तव्य त्याने आपले मानावे काय, आणि मानल्यास ते कोणाच्या श्रद्धेनुसार पार पाडावे?

आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका 19 जुलै 1545 रोजी पोर्ट्समथजवळ फ्रेंच आरमाराशी लढताना बुडाली. मार्गारेट रूल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननानंतर 1982 मध्ये तिचा उरलेला सांगाडा वर काढण्यात आला. गाळात किमान 179 माणसांच्या अस्थी मिळाल्या. त्यांतील काहींच्या खांद्याच्या फऱ्याचे टोक, जे एरवी तारुण्यात मुख्य हाडाशी सांधले जाते, सुटेच राहिलेले होते, आणि कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अस्थितज्ज्ञ अ‍ॅन स्टरलँड यांनी सुचवले. अनामिक मृताला त्याचे आयुष्य असे अंशतः परत मिळत असेल, तर अभ्यासाला विटंबना म्हणता येत नाही.

1984 मध्ये यांपैकी एका अनामिक खलाशाचे पोर्ट्समथच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये दफन झाले, तेही सारम पद्धतीवर, म्हणजे सॉल्झबरी येथे रूढ झालेल्या मध्ययुगीन कॅथलिक उपासनापद्धतीवर, आधारलेल्या विधीने. जहाजावर जपमाळा सापडल्या होत्या. मृतांच्या आत्मशुद्धीसाठी प्रार्थना करणे ही त्या माणसांची श्रद्धा होती, आणि पुढे अँग्लिकन पंथाने याच श्रद्धेचा आधार असलेली शुद्धिस्थानाची कल्पना नाकारली. न मानलेल्या विधीत प्रामाणिकपणा कसा असेल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला मृताची मते पटावी लागत नाहीत, ती नीट समजून घ्यावी लागतात, आणि इथे ती समज उत्खननानेच पुरवली.

खरी अडचण पुढे आहे. एकाचे दफन सर्वांच्या वतीने झाले आणि उरलेल्या अस्थी अभ्यासासाठी जतन करण्यात आल्या. प्रार्थना सर्वांसाठी करता येते, पण एकाच्या दफनाने दुसऱ्याचे दफन होत नाही. शिवाय काही खलाशी दक्षिणेकडील उष्ण प्रदेशांत वाढलेले असावेत, असे दातांच्या रासायनिक विश्लेषणातून सूचित होते, म्हणजे एकाच विधीने सर्वांचे समाधान झाले असते, हे गृहीतही डळमळते. म्हणून या अस्थींवर संग्रहालयाचा ताबा मालकीहक्काचा नव्हे, विश्वस्ताचा मानला पाहिजे, आणि त्या किती काळ व कशासाठी ठेवल्या जात आहेत, याचे उत्तर प्रत्येक पिढीतील संशोधकांनी नव्याने दिले पाहिजे.