सर्वांत मागें चालणारा

चार माणसें मिळून वाट चालूं लागलीं म्हणजे त्यांच्यामध्यें एक प्रश्न न बोलतां उभा राहतो. तो असा कीं, चालावयाचें कोणाच्या चालीनें? प्रत्येकाचे पाय प्रत्येकापाशीं आहेत हें खरें. परंतु सोबत राखावयाची असेल तर चाल सर्वांची मिळून एकच ठरवावी लागते. ती बळकटाच्या पायांनीं ठरवावी, कीं थकलेल्याच्या? हा प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि गेल्या हिवाळ्यांत एका डोंगरावर दिवसभर फिरत असतां तो आमच्यापुढें अशा रीतीनें आला कीं, त्याला लहान म्हणण्याचें धैर्य आतां आम्हांस होत नाहीं.

तो डोंगर म्हणजे माथेरान. तो रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत असून समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे. नेरळ स्टेशनावरून वर जाणारी लहान आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्यापाशींच थांबतात. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा मुलूख पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर केला. वर जांभ्या दगडाची तांबडी माती, आणि तिच्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी इत्यादि झाडांची इतकी दाट सावली कीं, भर दुपारींही पायवाटेवर उन्हाचे कवडसेच तेवढे पडतात. शेकरू एका फांदीवरून दुसरीवर उडी मारतें आणि मग सर्व पुन्हा शांत होतें. डोंगराच्या कडेकडेनें जाणारी वाट एका टोंकावरून दुसऱ्या टोंकावर नेते, व शेवटीं जेथून निघालों तेथेंच आणून सोडते. चढउतार फार नाहींत. धडधाकट माणसाला ही फेरी कठीण नाहीं; परंतु ती अगदीं सोपीही नाहीं.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मालेट हे १८५० सालीं ह्या डोंगरावर चढले, आणि तेव्हांपासून त्यांनीं माथेरानाचा शोध लावला असें लिहिलें जातें. परंतु त्यांच्या आधींपासून ठाकूर, धनगर व कातकरी लोक ह्या रानांत वावरत होते, आणि पायवाटा त्यांच्याच पायांनीं पडलेल्या होत्या. पुढें जाणाऱ्याचें नांव राहतें, वाट पाडणाऱ्याचें राहत नाहीं, ही गोष्ट आमच्या प्रश्नाशीं अगदींच असंबद्ध नाहीं. असो.

आम्ही सातजण होतों. त्यांपैकीं पांच तरुण, एक आम्ही मध्यम वयाचे, आणि सातवे एक सेवानिवृत्त गुरुजी. गुरुजींचें वय सत्तरीच्या पुढें. त्यांनीं आपण होऊन बरोबर येण्याची इच्छा दर्शविली, आणि आम्हीं मोठ्या आनंदानें त्यांस घेतलें. सकाळीं बाजारपेठेंतून निघून दक्षिणेकडची फेरी धरली. अलेक्झांडर पॉइंटपर्यंत सर्व एकत्र होतों. रामबागेपर्यंत गुरुजी थोडे मागें पडले. चौक पॉइंटला आम्ही पोहोंचलों तेव्हां ते दिसेनासे झाले होते.

आम्ही कांहीं त्यांस टाकून दिलें नव्हतें. प्रत्येक टोंकावर बसून आम्हीं त्यांची वाट पाहिली. खालीं दऱ्या पाहिल्या, पाणी प्यालों, शेंगदाणे खाल्ले, गप्पा मारल्या. मग झाडींतून गुरुजींची काठी वाजे, ते येत, हंसत, आणि त्यांस पाहतांच आमच्यांतील कोणी तरी उठून म्हणे, "आले गुरुजी! चला आतां." आणि आम्ही चालूं लागत असूं. आपण गुरुजींसाठीं थांबलों ह्याचें आम्हांस समाधानही वाटे.

वाचकहो, ह्यांत काय चुकलें तें आपल्या ध्यानांत आलें काय? आमच्या तर दिवसभर आलें नाहीं. जे दमले नव्हते त्यांना प्रत्येक ठिकाणीं पाव पाव तास विसांवा मिळाला, आणि जे सर्वांत अधिक दमले होते त्यांना एक क्षणही मिळाला नाहीं. आमचें थांबणें त्यांच्या पोहोंचण्याबरोबर संपत होतें. ज्या विसांव्याला आम्ही गुरुजींचा म्हणत होतों तो सर्वस्वी आमचा होता.

चौक पॉइंटनंतर एक झाडाच्या टेंकडीकडे वाट वळते. तेथून एक पायवाट खालीं चौक गांवाकडे उतरते, आणि फेरीची वाट पुढें शार्लट तलावाकडे जाते. माथेरानास पिण्याचें पाणी पुरविणारा तलाव तो हाच. आम्ही त्याच्या बांधावर जाऊन बसलों. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, काठी कांहीं वाजली नाहीं. तेव्हां दोघे तरुण मागें धांवले, आणि त्यांच्या पाठोपाठ आम्हीही.

गुरुजी फांट्यावर चुकून खालच्या वाटेला लागले होते. गुडघा दुखत होता, पाणी संपलें होतें, आणि सकाळपासून त्यांनीं ह्यांतील एक अक्षरही आम्हांस सांगितलें नव्हतें. त्या उतारावर त्यांस एक बाई भेटली. ती बाजारांतून सामान घेऊन डोक्यावर पाटी ठेवून खालीं आपल्या वाडीकडे निघाली होती. तिनें त्यांस पाहिलें, आपल्याजवळचें पाणी दिलें, आणि ती ओझ्यासकट मागें फिरली. जो चढ तिला चढावयाचें कांहींच कारण नव्हतें तो ती पुन्हां चढूं लागली. आम्हांस तीं दोघें दिसलीं तेव्हां गुरुजी पुढें होते व बाई मागें होती. आम्हीं तिचे आभार मानून विचारलें, "बाई, वाट तुमच्या पायांखालची. मग तुम्ही मागें कां?" ती म्हणाली, "मी पुढं गेले तर बाबांना माझ्यामागं धावावं लागंल. ते पुढं असले म्हंजी मीच त्यांच्यासारखी चालते." इतकें बोलून ती वळली व उतरून गेली. तिचें नांव विचारण्याचें भान आम्हांस राहिलें नाहीं.

त्या बाईनें दोन वाक्यांत जें सांगितलें त्याचा विस्तार करणें एवढेंच आतां आमचें काम उरलें आहे.

प्रथम वाटेचाच विचार करूं. सरळ वर जाऊन त्याच वाटेनें परत येणारा रस्ता असतो, तेव्हां थकलेल्या माणसाला, "तुम्ही येथें बसा, परत येतांना आम्ही तुम्हांला घेऊं," असें म्हणतां येतें. परंतु फेरीच्या वाटेवर ही सोय नाहीं. जेथें एखादा मागें राहिला तेथें पुढें गेलेली मंडळी पुन्हां येणारच नसते. शिवाय अर्धी फेरी झाल्यावर मागें फिरणें व पुढें जाणें दोन्ही सारखींच लांब होतात. म्हणून दुबळ्याला, "तूं परत जा," असें सांगण्यांतही कांहीं दया नाहीं. आमच्या मतें मनुष्याचें आयुष्य ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाटेसारखें आहे. मूल शाळेंत मागें पडलें, तर वर्ग परत येऊन त्याला घेत नाहीं. आईबाप म्हातारे झाले, तर ज्या वर्षांत त्यांच्याजवळ बसावयाचें तीं वर्षें पुन्हां भेटत नाहींत. "पुढें जाऊन स्थिरस्थावर होऊं, मग मागच्यांना हात देऊं," असें पुष्कळजण प्रामाणिकपणें म्हणतात. परंतु वाट त्या ठिकाणावरून पुन्हां जात नाहीं.

ह्यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, "सर्वांत मंद माणसाच्या चालीनें चालावयाचें, तर फेरी पुरी व्हावी कशी? हिवाळ्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. एकासाठीं सहाजण रानांत अंधारांत सांपडावे काय?" हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्याचें उत्तर चाल वाढविण्यांत नसून फेरी लहान करण्यांत आहे. आम्हीं सकाळीं ठरविलें होतें कीं, तलावानंतर एको पॉइंट, लुइझा पॉइंट आणि शेवटीं सूर्यास्ताचा देखावा पाहावयाचा. हीं सर्व टोंकें पाहिलींच पाहिजेत असा नियम कोणीं केला होता? आम्हींच. जो नियम आम्हीं आमच्या हौसेसाठीं केला, त्याचा भार मात्र गुरुजींच्या गुडघ्यावर पडला. आधीं बेत ठरवावयाचा आणि मग दुर्बळाला त्यांत बसवावयाचें, हा क्रम उलटा आहे. आधीं माणसें मोजावीं, मग बेत आंखावा.

दुसरा म्हणेल, "तर मग गुरुजींनीं घरींच राहावें हें बरें नव्हे काय?" कधीं कधीं तेंही बरें असेल, परंतु तें ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. आणि एकदां त्यांस बरोबर घेतलें म्हणजे अर्धें घेतलें असें होत नाहीं. निमंत्रण देणें आणि मग त्यांच्या सोबतीचा त्रास मानणें, ह्यापेक्षां न बोलावणें अधिक सरळ.

तिसरा म्हणेल, "पैसे देऊन घोडा करावा, रिक्षा करावी." आजारी व अपंग माणसाला वाहन करून देणें हें योग्यच आहे. परंतु येथेंही थोडें सांभाळून चालावें लागतें. माथेरानांत माणसानें माणसाला ओढून नेण्याच्या हातरिक्षा पुष्कळ वर्षें चालल्या; २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या सहा महिन्यांत बंद कराव्या आणि ओढणाऱ्यांना उपजीविकेचें दुसरें साधन द्यावें असा आदेश दिला. त्या ओढणाऱ्याच्या छातींतला दम आम्हीं कधीं मोजला होता काय? आपल्या सोबत्यासाठीं चाल कमी करणें नको म्हणून तें ओझें दोन पैशांत तिसऱ्याच्या खांद्यावर ढकलावयाचें, ह्याला दया म्हणतां येत नाहीं.

आतां एक शब्द मागें राहणाऱ्यांसाठीं. गुरुजींनीं आपलें दुखणें लपविलें. आम्हीं रात्रीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "तुम्हां मुलांचा दिवस मोडावा असें वाटलें नाहीं." हा त्यांचा चांगुलपणा होता; पण त्यांत थोडा अभिमानही होता असें त्यांनीं स्वतःच कबूल केलें. मागें राहणाऱ्याचें कर्तव्य हें कीं, त्यानें वेळेवर खरें बोलावें. तथापि हेंही लक्षांत ठेवावें कीं, ज्याच्या येण्याबरोबर सर्व उठून चालूं लागतात त्याला "थांबा" म्हणण्यास फार धैर्य लागतें. तो शब्द त्याच्या तोंडून निघावा अशी जागा करून देणें हें पुढें असणाऱ्यांचें काम आहे.

आमच्या खेड्यांतून ह्या गोष्टीचा उपयोग करण्यास डोंगरच पाहिजे असें नाहीं. शाळेंत शिक्षक "समजलें काय?" म्हणून विचारतात, पुढच्या बांकावरील मुलें "हो" म्हणतात, आणि धडा पुढें जातो. सभेमध्यें जे चटकन् बोलतात त्यांचा ठराव होतो, आणि दारापाशीं बसलेली विधवा बाई शब्द जुळवीत असतां सभा उठते. शेतांत खुरपणीच्या ओळींत जी बाळंतपणांतून नुकतीच उठली आहे ती मागें राहते. बाकीच्या बांधावर टेंकतात, आणि ती बांधाला लागतांच नवी पाथ धरतात. ह्यांपैकीं कोणींही निर्दय नाहीं. आम्हीही त्या दिवशीं निर्दय नव्हतों. अन्याय करण्यास निर्दयपणा लागतोच असें नाहीं. आपण दमलों नाहीं एवढेंच विसरलें तरी पुरतें.

त्या दिवशीं तलावापासून पुढें आम्हीं गुरुजींना सर्वांच्या पुढें घातलें. लुइझा पॉइंट पाहिला नाहीं, सूर्यास्तही झाडांच्या शेंड्यांवरच काय दिसला तेवढा पाहिला. तरुणांना प्रथम पाय आंखडल्यासारखे वाटले. मग त्यांतील एकानें शेकरूचें घरटें दाखविलें, दुसऱ्यानें गुरुजींना झाडांचीं नांवें विचारलीं, आणि गुरुजींना तीं बहुतेक सर्व येत होतीं. सकाळीं तेंच ज्ञान आमच्या मागें अर्ध्या कोसावर एकटें चालत होतें. दिवे लागले तेव्हां आम्ही सातहीजण बाजारपेठेंत एकदमच पोहोंचलों, आणि त्या दिवशीं पहिल्यानेंच सर्वजण एकाच वेळीं बसलों.