कव्हर कशाचं करायचं?

बंदिशीला कव्हरचा प्रश्न पडत नाही. एकच बंदिश किराण्याचा गायक त्याच्या रीतीनं मांडतो, जयपूरचा त्याच्या. कुणी कुणाची नक्कल केली, असं आपण म्हणत नाही. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’पाशी मात्र हे सगळं अडतं. चाल मोजक्या स्वरांतच फिरते. सबंध गाणं एका कॉर्डवर उभं आहे. अधूनमधून कोमल निषादाकडे झुकतं आणि परत येतं. कागदावर उतरवायला घेतलं तर अर्धं पानही भरणार नाही. मग घरी रेकॉर्ड करायला बसलेल्या माणसानं यातलं नेमकं काय घ्यायचं?

माझ्या मते हे गाणं ज्या पद्धतीनं घडलं, ती पद्धत घ्यायची. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ६ एप्रिल १९६६ रोजी काम सुरू झालं. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. जेफ एमरिक या विशीतल्या ध्वनिमुद्रकानं तो हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक नेमापेक्षा पुष्कळ जवळ सरकवला. मॅकार्टनीनं घरून टेपची वेटोळी, म्हणजे लूप, करून आणली होती. इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर ती एकाच वेळी फिरत होती, माणसं पेन्सिलीत अडकवून ती ताणून धरत होती, आणि फेडर वरखाली करत ते सगळं त्याच क्षणी टिपलं जात होतं. तेच मिक्स पुन्हा करणं त्यांनाही शक्य नव्हतं.

आज लेस्लीचा परिणाम लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये मिळतो. म्हणूनच तो मला नको आहे. एमरिकनं तो आवाज निवडला नव्हता, शोधला होता.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक मोह होतो. गाण्यात तंबोरा आहेच, मग आलाप घ्यावा, तबला जोडावा. मला हे पटत नाही. तो तंबोरा कुठल्याही रागाची वाट पाहत नाही. ड्रमचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत हटून बसलेला आहे. त्यावर बढत केली की गाण्याचा हट्टच मोडतो, आणि तो हट्टच तर त्याचा प्राण आहे.

‘८०१’ या बँडनं १९७६ मध्ये हे गाणं मंचावर वाजवलं, ब्रायन ईनोनं गायलं. त्यांची बास गिटार मूळ गाण्यापेक्षा कितीतरी जास्त नाचते, तरी मला ते अस्सल वाटतं. त्यांनी टेपची नक्कल केली नाही, आपल्या हाताशी होतं त्यातून गाणं नव्यानं उभं केलं.

माझ्या लूपमध्ये कुकरची शिट्टी आहे, लोकलची घोषणा आहे, उलटी फिरवलेली पेटी आहे. मिक्स करताना फेडर मी हातानंच चालवते आणि टेक झाला की त्यात दुरुस्ती करत नाही. दोन टेक सारखे निघाले, तर लूप बदलते.