संशय, वितंडा आणि दगडी कोळसा

झरियाच्या जमिनीखाली आग जळत आहे. भौरा येथील खाणीत ती प्रथम आढळली ती १९१६ साली. तेव्हापासून खाणींचे मालक बदलले, १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, बिहारमधून झारखंड वेगळा निघाला. आग मात्र विझली नाही. भेगांतून धूर येतो, भिंतींना तडे जातात, एखादे घर खचते. त्याच भूमीवर पहाटे बायकामुले टोपल्या घेऊन कोळसा वेचतात आणि पुरुष दोन-अडीचशे किलोंची पोती सायकलला बांधून, ती सायकल हातांनी ढकलीत, बाजाराच्या गावी निघतात. कोळसा काय करतो हे येथील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. तो त्याच्या घशात आणि छातीत आहे. तरीही कोळसा बंद करावा काय, असे त्याला विचारले, तर उत्तर होकारार्थी येईल अशी हमी कोणी देऊ नये.

हवामानबदलासंबंधीच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की, ते वेगळे काढल्यावाचून विचारच संभवत नाही. पृथ्वी तापत आहे काय, आणि माणसाने जाळलेल्या इंधनामुळे तापत आहे काय, हा पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे. ते इंधन सोडायचे झाल्यास त्याचे मोल कोणी द्यावयाचे, हा दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. दुसऱ्याच्या उत्तराची ज्यांना भीती वाटते, ते पहिल्यालाच नकार देतात. आणि पहिल्याविषयी ज्यांची खात्री पटली आहे, त्यांना दुसराही आपोआप सुटला असे वाटू लागते. दोघांचीही चूक एकाच जातीची आहे.

भारतीय तर्कपरंपरेने संशयाला कधी हीन मानले नाही. गौतमाच्या न्यायदर्शनातील सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशयाचे स्थान आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी, किंवा जे पूर्ण निश्चित झाले आहे त्याविषयी, न्यायाची प्रवृत्ती होत नाही. संशयित अर्थाविषयीच ती होते. परंतु त्याच यादीत पुढे निर्णयही आहे, आणि वाद, जल्प यांच्या पाठोपाठ वितंडाही आहे. वैतंडिकाला स्वतःचा पक्ष नसतो. प्रतिपक्षाचे खंडन एवढेच त्याचे काम. संशयी आणि वैतंडिक बोलताना बहुधा सारखेच दिसतात. फरक कळतो तो पुरावा पुढे आल्यावर.

या कसोटीवर गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जॉन टिंडल याने १८५९ साली प्रयोगांनी दाखविले की, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णतेचे किरण शोषून घेतात. स्वान्ते अर्‍हेनियसने १८९६ साली गणित मांडले की, हवेतील हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. यावर शंका निघाल्या, आणि त्या उत्तम होत्या. पाण्याची वाफ हेच किरण आधीच शोषते, तेव्हा आणखी थोड्या वायूने काय होणार? समुद्र एवढा अफाट आहे. तो जादा वायू गिळून टाकणार नाही काय? पहिल्या शंकेचे उत्तर वातावरणाच्या वरच्या, विरळ आणि कोरड्या थरांच्या अभ्यासातून मिळाले. दुसरीचे उत्तर १९५७ साली रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांच्या निबंधाने आणि १९५८पासून हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंगने सुरू केलेल्या मोजणीने दिले. त्या वेळी दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू २०२४ साली ४२० भागांच्या वर गेला होता. समुद्राने पुष्कळ गिळले, सगळे गिळले नाही. हा जादा कार्बन जुन्या इंधनातलाच कशावरून? तर कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात किरणोत्सर्गी कार्बन उरलेला नसतो आणि त्याची खूण हवेत सापडते. सूर्यच अधिक तापला असेल, असे म्हणावे, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापावयास हवे होते. प्रत्यक्षात खालचा तापला आणि वरचा थंडावला.

उपग्रहांच्या नोंदींत तापमानवाढ जवळजवळ दिसत नाही, हा १९९०च्या दशकातील आक्षेपही खोडसाळ नव्हता. नोंदी खरोखर तशा होत्या. पुढे उपग्रहांच्या कक्षा हळूहळू ढळल्याने मापन चुकल्याचे उघड झाले आणि हिशेब दुरुस्त झाला. जुन्या तापमाननोंदींविषयी साशंक असलेले अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रिचर्ड म्युलर यांनी त्या नव्याने तपासल्या आणि २०१२ साली आपले मत बदलल्याचे जाहीर केले. संशय निर्णयापर्यंत पोहोचला तर तो असा पोहोचतो.

संशयी माणूस बरोबर ठरला, असेही एक उदाहरण आहे, आणि ते भारताच्या दाराशीच घडले. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे विधान होते. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका चर्चापत्रात हिमनद्यांविषयीच्या अशा भाकितांना धरून प्रश्न उपस्थित केले गेले. त्यांची प्रथम हेटाळणी झाली. जानेवारी २०१०मध्ये समितीला २०३५चे विधान निराधार असल्याचे मान्य करावे लागले. ज्यांना शंका म्हणजे पाखंड वाटते, त्यांनी हा प्रसंग विसरू नये. परंतु त्या एका आकड्याच्या चुकीने हिमनद्या वितळण्याच्या थांबल्या, असे मात्र झाले नाही.

वैतंडिकांची तऱ्हा निराळी. पृथ्वी तापतच नाही. तापते, पण सूर्यामुळे. माणसामुळे तापते, पण त्यात हितच आहे. हित नाही, पण आता उपाय करण्यात अर्थ नाही, कारण वेळ निघून गेली आहे. यांतील प्रत्येक विधान आधीच्या विधानाला खोडते. टिकून राहतो तो केवळ निष्कर्ष, की काहीही करू नये. निष्कर्ष स्थिर आणि कारणे फिरती, असे जेथे दिसते तेथे संशय नसतो, हितसंबंध असतो. अमेरिकेतील एका तंबाखू कंपनीच्या १९६९ सालच्या अंतर्गत टिपणात संशय हाच आपला माल असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. एक्सॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्या वरिष्ठांना येऊ घातलेल्या तापमानवाढीची कल्पना दिली होती, आणि त्यांची भाकिते पुढे बरीचशी खरी ठरली. कंपनी जाहीरपणे मात्र अनिश्चिततेचीच भाषा बोलत राहिली. अज्ञानाला क्षमा असू शकते. येथे अज्ञान नव्हते.

एवढे मान्य केले तरी दुसरा प्रश्न तसाच उरतो; खरे तर तो तेथून सुरू होतो. अर्थशास्त्रज्ञांत त्याचे रूप व्याजाच्या दराचे आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत दरसाल १.४ टक्के दराने काढली तर सुमारे २५ रुपये येते. ५ टक्क्यांनी काढली तर रुपयाही भरत नाही, पाऊण रुपयाच्या आसपास येते. निकोलस स्टर्न यांचा २००६चा अहवाल आणि विल्यम नॉर्डहाउस यांचे हिशेब यांच्यातील अंतर पुष्कळसे या एका दराचे आहे. एकाने तातडीने खर्च करा म्हणावे, दुसऱ्याने सावकाश करा म्हणावे, आणि दोघांचेही गणित बिनचूक असावे! केंब्रिजचा तरुण तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्से याने १९२८ सालीच लिहून ठेवले होते की, पुढच्यांचे सुख केवळ ते पुढचे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही. त्यात कल्पनाशक्तीचे दौर्बल्य आहे. भारतीय परंपरेने पितृऋण मानले आणि ते पुढच्या पिढीच्या द्वारे फिटते असे सांगितले. पण जो अद्याप जन्मलाच नाही त्याच्याकडून घेतलेल्या ऋणाला त्या परंपरेत नाव नाही. त्या काळी असे ऋण काढणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते.

मात्र पुढच्यांच्या नावाने आजच्यांना वेठीस धरण्याचाही एक मार्ग असतो. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली हा मुद्दा निर्भीडपणे मांडला: जगण्यासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू एकाच तराजूत घालता येत नाही. आजही भारतीयाच्या वाट्याला दरसाल सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकनाच्या वाट्याला चौदा टनांच्या आसपास. शेणी आणि लाकूडफाटा जाळून डोळे गमावणाऱ्या बाईच्या घरी गॅसची टाकी आली, ती जीवाश्म इंधनाचीच. आणि तिच्या आयुष्यात ती मुक्ती म्हणूनच आली. तिला त्याग शिकविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण हा युक्तिवाद फार सोयीचा आहे, म्हणूनच तो जपून वापरावा. दोन टन ही सरासरी आहे. वातानुकूलित घरात राहणारा, वर्षातून दहा वेळा विमानाने उडणारा मुंबई-दिल्लीचा नागरिक तिच्या आड सुखाने लपतो. आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या वतीने चुलीपुढची बाई उभी केली जाते. शिवाय कोळसा चालू ठेवण्याचेही मोल आहे, आणि तेही तिच्याच वर्गाकडून वसूल होते. मे २०१०मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात एरवीच्या मानाने तेराशेहून अधिक माणसे जादा मेली. उन्हात राबल्यावाचून ज्यांची चूल पेटत नाही, त्यांना अशा लाटेपासून पळ काढता येत नाही. कोळसा सोडला तर मजूर भरडला जातो, नाही सोडला तरी मजूरच. येथे कोणतीही तडजोड सुचविणाऱ्याने आधी हे मान्य केले पाहिजे.

सोडण्याची रीत कशी असते, याचे दाखले इतरत्र आहेत. ब्रिटनमध्ये १९८४-८५च्या संपानंतर खाणी भराभर बंद पडल्या. कारण हवामानाचे नव्हते, नफ्यातोट्याचे होते. खाणीभोवतीची गावे मात्र त्यातून कित्येक दशके सावरली नाहीत. शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५मध्ये आणि कोळशावरील शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, तोवर रडणारे कोणी उरलेच नव्हते. जर्मनीने २०३८पर्यंत कोळसा सोडण्याचे ठरविताना कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची तरतूद केली. दक्षिण आफ्रिकेला त्याच कामासाठी २०२१ साली श्रीमंत देशांनी साडेआठ अब्ज डॉलर देऊ केले, तेही बहुतांश कर्जाच्या रूपाने. १९८२च्या संपानंतर ओस पडलेले गिरणगाव ज्यांनी पाहिले, त्यांना उद्योग मरतो तेव्हा प्रथम काय मरते हे ठाऊक आहे.

भारतात हा गुंता अधिक आहे. वीज सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच. रेल्वे मालवाहतुकीतून जे मिळविते त्यात कोळशाचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्याच मिळकतीवर गरीब प्रवाशाचे तिकीट स्वस्त राहते. सूर्याची वीज गेल्या दशकात अतोनात स्वस्त झाली हे खरे, पण तिची मोठी उद्याने उभी राहिली ती राजस्थानात आणि गुजरातेत. कोळसा आहे झारखंडात, ओडिशात, छत्तीसगडात, चंद्रपुरात. धनबादच्या खाणकामगाराला जैसलमेरच्या उन्हाचा उपयोग काय? देशाच्या ताळेबंदात एकीकडचे रोजगार दुसरीकडे भरून निघतील. माणसे ताळेबंदात राहत नाहीत.

झरियातील आगीच्या पट्ट्यातून कुटुंबांना हलविण्याची योजना २००९ साली मंजूर झाली. धनबादजवळ बेलगडिया येथे त्यांच्यासाठी वसाहत बांधली गेली. तेथे भिंती तडकत नाहीत, जमिनीतून धूर येत नाही. तेथे कामही नाही. म्हणून तेथे गेलेल्यांपैकी कित्येक जण पुन्हा त्याच जळत्या भूमीकडे जातात, दिवसभर कोळसा वेचतात आणि संध्याकाळी परततात.