छाप आणि आवृत्ती

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत देवापुढे अथवा तुळशीपाशी रोज 33 गोपद्मे, म्हणजे गाईच्या पावलांच्या आकृती, रांगोळीने काढण्याचे व्रत महाराष्ट्रातील स्त्रिया पाळत आल्या आहेत. आता तळहातावर मावणारा छिद्रांचा छाप जमिनीवर टेकवून त्यावर रांगोळी पसरली की तीच आकृती क्षणात उमटते. अशी गोपद्मे व्रतात धरावीत काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी कर्माची आवृत्ती कशासाठी असते हा जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे.

ब्रह्मसूत्रांचा चौथा अध्याय आवृत्तीच्याच विचाराने सुरू होतो. तेथील भाष्यात शंकराचार्य दोन प्रकारची कर्मे वेगळी करतात. काही कर्मांचे फळ अदृष्ट असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पुण्य. अशी कर्मे शास्त्राने सांगितली तितकीच करावयाची असतात. श्रवण-मननाचे फळ मात्र अनुभवास येणारे असल्याने, तांदूळ मोकळा होईपर्यंत भात कांडावे तशी त्यांची आवृत्ती फळ दिसेपर्यंत चालवावी लागते. हा भेद गोपद्मांना लावला, तर 33 ही संख्या छापानेही निर्दोष पुरी होते, आणि गुडघे वाकत नाहीत किंवा बोटे थरथरतात अशा वृद्धेचे व्रत केवळ साधनामुळे उणे ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु रोजच्या रेखनाने चित्त स्थिर व्हावे ही ज्या साधिकेची अपेक्षा आहे, तिच्या बाबतीत संख्या पुरी झाल्याने काम संपत नाही.

येथे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांची साक्ष मोलाची आहे. टाकळी येथे त्यांनी त्रयोदशाक्षरी राममंत्राचा 13 कोटी जप केला, असे परंपरा सांगते. आणि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्याच समासात, लेखनक्रियेचे निरूपण करताना, ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा ते व्यक्त करतात. छापाला ही एकरूपता आयती मिळते, तर लेखकाला ती सरावाने मिळवावी लागते, आणि ती मिळवताना त्याचा हात व त्याचे अवधान दोन्ही घडत जातात. समर्थांना अक्षराच्या सारखेपणाइतकेच हे घडणेही अभिप्रेत असावे.

म्हणून जाड कागदाला समान अंतरावर उदबत्तीने भोके पाडून केलेला ठिपक्यांचा कागद हे अधिक विचारपूर्वक घडलेले साधन म्हणावे लागेल. तो अंतराचे माप सांभाळतो आणि रेषा हातावर सोपवतो. ठिपके सरळ चौकटीत मांडले की पाव फेरा फिरवल्यावरही तशीच दिसणारी नक्षी साधते, एकाआड एक मांडले की षट्कोन साधतो. पाचपट फिरती सममिती मात्र कोणत्याही नियमित ठिपक्यांवर अखंड पसरवता येत नाही, कारण ही मर्यादा प्रतलाच्या स्वरूपातच आहे. रेषा जोडणारी स्त्री हा नियम शब्दांत न मांडताही पाळत असते. छाप सरकवून सलग वेलपट्टी काढणारीलाही प्रत्येक सांधा नजरेने जुळवावाच लागतो, आणि तेवढ्या जुळवणीपुरती तिची आवृत्तीही त्या दुसऱ्या, अनुभवास येणाऱ्या फळाच्या प्रकारात मोडते.