वेदनेचा निवाडा

प्रसूतिकक्षात कळांनी ओरडणाऱ्या बाईला ‘तेव्हा कळलं नाही का?’ असं सुनावलं जातं, हे भारतातल्या अनेक अभ्यासांत बायकांनीच सांगितलं आहे. त्या टोमण्यामागे एक अख्खी धारणा आहे: सुख भोगलंस, आता त्याचं फळ भोग. कळा म्हणजे शिक्षा असं एकदा मानलं, की शुश्रूषेला नेमलेला माणूस निवाडा करू लागतो. ही धारणा एकाच धर्माची नाही. बायबलमध्ये हव्वेला मिळालेल्या शापात बाळंतवेदना आहेत, आणि १८४७ साली जेम्स सिम्प्सनने एडिंबरोत बाळंतिणीला भूल द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याला धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहावी लागली. आपल्याकडे हेच काम कर्मफळाची कल्पना करते, आणि जोडीला विटाळ असतोच. विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, हा संत सोयराबाईंचा प्रश्न सहा शतकांहून अधिक काळानंतरही प्रसूतिकक्षाच्या दारात उभा आहे.

यावर पहिला आक्षेप कामाच्या ताणाचा. तो खोटा नाही. संस्थात्मक प्रसूतींचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेलं, आणि एकेका नर्सला एकाच वेळी अनेक खाटा सांभाळाव्या लागतात. पण थकलेला माणूस सगळ्यांवरच सारखा चिडायला हवा. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियात दोन हजारांहून अधिक प्रसूतींचं प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडलेले निष्कर्ष तसं सांगत नाहीत. चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांना शिवीगाळ, मारहाण किंवा भेदभाव सोसावा लागला, आणि त्याच अभ्यासात कोवळ्या वयाच्या व न शिकलेल्या मुलींना हा धोका सर्वाधिक असल्याचं दिसलं. म्हणजे ताणातसुद्धा कोणावर हात उचलायचा याची निवड होते, आणि ती उलटून बोलू न शकणाऱ्या बाईवर येऊन थांबते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बाळ अडलं असताना गोड बोलत बसायचं का? घाईच्या क्षणी आवाज चढेल, हुकूम सुटेल, हे मान्य. पण हुकूम बाळासाठी असतो, टोमणा कोणासाठी असतो? त्याच निरीक्षणात जिथे योनिमार्गाला छेद दिला गेला, तिथे सुमारे तीन-चतुर्थांश वेळा बाईची संमती घेतलेली नव्हती. होकार विचारायला एक वाक्य पुरतं. आणि धीर देणं ही आयात केलेली चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी चरकसंहितेचं शारीरस्थान उघडावं. तिथे बाळंतिणीजवळच्या बायका प्रेमळ, अनुभवी, धीर देणाऱ्या असाव्यात असं सांगितलं आहे, आणि कळ आलेली नसताना तिला जोर करायला लावू नये असंही. दोन्ही सूचना एकाच उपचाराचा भाग म्हणून येतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश आहे, हे चांगलंच झालं. मात्र नर्स आणि शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणात वेदना म्हणजे शिक्षा या समजुतीचं नाव घेऊन बोललं जात नाही, तोवर सन्मान तपासणीच्या यादीतली एक खूण म्हणून भरला जाईल आणि पलीकडच्या खाटेवर तोच टोमणा ऐकू येत राहील.