बाळ नेमके कोणाचे?



26 आठवड्यांत जन्मलेले बाळ ओंजळीत मावते. त्याचे वजन बहुधा एक किलोही भरत नाही. आईच्या पोटात उरलेले 14 आठवडे ते बहुधा इस्पितळातच काढते. बारा-बारा तासांच्या पाळ्या धरल्या तर होतात 196 पाळ्या. प्रत्येक पाळीला नवा चेहरा आला, तर त्या बाळाला ओळखणारे कोण?

अमेरिकेतील काही मोठ्या इस्पितळांत नवजात अतिदक्षता विभागात 50-60 किंवा त्याहूनही अधिक बाळे एकाच वेळी असतात. म्हणून काही ठिकाणी अशा विभागाचे लहान गट पाडतात. थोडी बाळे आणि त्यांच्यासाठी ठरलेले डॉक्टर व परिचारिका. कागदावर वजन, दूध, प्राणवायू यांची नोंद असतेच. परंतु जंतुसंसर्गाची पहिली खूण फार बारीक असते. बाळ दूध कमी ओढते, जरा मलूल दिसते. 'काल ते असे नव्हते' हे काल पाहिलेलाच सांगू शकतो. आईलाही रोज पहिल्यापासून सगळे सांगावे लागत नाही.

मग यात नैतिक प्रश्न कोणता? सर्वांची जबाबदारी बहुधा कोणाचीच उरत नाही, हे खरे. पण गट पाडले की 'ते बाळ आमच्या गटाचे नाही' असे म्हणण्याची वाटही मोकळी होते. शिवाय बाळ दगावले, तर त्याला जवळून ओळखणाऱ्या परिचारिकेचे दुःखही मोठे असते. ते तिने एकटीने वाहायचे का?

निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसलेला दिसतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. कठीण गोष्ट मात्र मोशेकडेच यायची होती. म्हणजे ओझे वाटले गेले, पण लोक एकच राहिले. लहान गटाची कसोटी हीच आहे. आपले बाळ नावाने ओळखायचे, आणि शेजारच्या पेटीची घंटा वाजली तर धावायचेही.

आपली ख्रिस्तसभाही हेच जाणते. कॅथलिक आईवडिलांचे बाळ अत्यवस्थ असेल आणि धर्मगुरू येऊ शकत नसतील, तर योग्य हेतूने जवळची परिचारिकाही स्नानसंस्कार देऊ शकते. त्या घडीला जबाबदारी जवळच्या माणसावर येते. मात्र ते बाळ त्या परिचारिकेचे होत नाही, ते सबंध ख्रिस्तसभेचे होते.

उत्तम मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो. सगळ्या मेंढरांची नुसती मोजदाद करून त्याचे समाधान होत नाही.

आपल्या धर्मग्रामात कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्या आळीत कोण आजारी आहे, कोणाचे बाळ इस्पितळात आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का? आणि शेजारच्या आळीतील कोणी हाक मारली, तर आपण उठू का? आज मिस्सानंतर घरी जाताना याचा विचार करू या.